पीएचडीसाठी राहतं घर गहाण ठेवायचं नसतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बडोद्याची २६ वर्षांची एक वाचक लिहिते. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून तिनं बायोकेमिस्ट्रीत एम.एससी. केलं आणि गेली तीन वर्षं ती एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी करते. एम.एससी.च्या प्रोजेक्टसाठी तिनं सरकारी दवाखान्यात येणाऱ्या सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांचे रक्ताचे नमुने तपासले होते. त्यांत छोटा उदेपूरकडून येणारी नववीतली एक मुलगी होती. ‘माझ्या पोस्टरला बक्षीस मिळालं, तिच्या दुखण्यात मात्र काडीचा फरक पडला नाही,’ असं ती लिहिते. लॅबमधलं संशोधन रुग्णापर्यंत नेण्याचं काम, म्हणजे ट्रान्सलेशनल बायोमेडिसिन, हाच विषय घेऊन तिला परदेशात पीएचडी करायची आहे. अलकापुरीतल्या एका एजंटानं सुचवलंय की आधी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं मास्टर्स कर, सगळा खर्च धरून ३८ लाख, ‘नंतर पीएचडी आपोआप मिळते’. वडील बँकेतून निवृत्त झालेत, दांडिया बाजारातलं राहतं घर तारण ठेवायला तयार आहेत. आईला लग्नाची काळजी आहे. पुण्याचे काका म्हणतात, इथंच कर. डिपॉझिट महिनाअखेरीपर्यंत भरायचंय. ‘ताई, एवढं कर्ज काढून जाऊ का? मी डॉक्टर नाही, मग या क्षेत्रात मला कोण विचारणार? आणि आता नाही गेले तर पुढे जमेल का?’

तुझ्या एका प्रश्नाला तारीख आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. डिपॉझिट भरू नकोस, आणि बाबांना घराचे कागद बँकेत नेऊ देऊ नकोस.

परदेशी पीएचडी म्हणजे मोठा खर्च आणि तो आपणच सोसायचा, हे तुम्ही घरात सगळ्यांनीच गृहीत धरलंय. मास्टर्सच्या बाबतीत ते खरं आहे. जीवशास्त्राच्या पीएचडीचं तसं नाही. अमेरिकेत बायोमेडिकल पीएचडीला प्रवेश मिळाला की बहुतेक विद्यापीठं ट्यूशन फी स्वतः भरतात, दरमहा स्टायपेंड देतात आणि आरोग्यविमाही देतात. पाच-सहा वर्षं लागतात, पण ती बाबांच्या पेन्शनीवर काढायची नसतात. जर्मनीत पीएचडी करणारा बहुधा नोकरीच्या करारावर असतो. सरकारी सेवेच्या ई-१३ वेतनश्रेणीच्या ६५ टक्के पगार, ही तिथल्या जीवशास्त्राच्या लॅबमधली नेहमीची पद्धत. स्वीडनमध्ये आणि बहुतांशी नेदरलँड्समध्येही पीएचडीच्या जागेची नोकरीसारखी जाहिरात निघते. ब्रिटनच्या सरकारी संशोधन परिषदांनी २०२१ पासून आपल्या पीएचडी शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या केल्या, मात्र तुकडीतल्या जास्तीत जास्त ३० टक्के जागांपर्यंतच, त्यामुळे तिथं चुरस फार.

युरोपीय संघाच्या पैशावर पगारी पीएचडी देणाऱ्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कमध्ये कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला अर्ज करता येतो. त्यात एक अट आहे, ती नीट वाच. ज्या देशात जायचं, त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे ३८ लाखांचं मास्टर्स करून तू पीएचडी शोधत तिथंच थांबलीस, तर त्याच देशातल्या या पगारी जागांना तू अपात्र ठरशील. हे एजंटानं तुला सांगितलंय का?

सांगितलं नसेल, कारण अनेक परदेशी विद्यापीठं एजंटांना मास्टर्सच्या प्रवेशामागे कमिशन देतात. पगारी पीएचडीच्या जागेवर त्याला काही मिळत नाही. ‘आपोआप’ तर काहीच होत नाही. एक वर्षाच्या मास्टर्समध्ये लॅबचं काम जेमतेम काही महिन्यांचं असतं, आणि पीएचडीचा अर्ज तुला तरीही सगळ्या जगाबरोबरच करावा लागतो. ज्यांचे गुण कमी आहेत, किंवा ज्यांना कॉमर्स-इंजिनिअरिंगकडून जीवशास्त्राकडे वळायचंय, त्यांना असं मास्टर्स कधी उपयोगी पडतं. तुझ्याकडे दोन वर्षांची एम.एससी. आहे, प्रोजेक्ट आहे. जर्मनीत पीएचडीसाठी मास्टर्स लागतं, ते तुझं झालेलंच आहे. अमेरिकेत तर तेही लागत नाही.

आणि हे बाबांना आवर्जून सांग. आपल्या गावाला ही रीत ठाऊक आहे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ज्याच्या कामाची गरज आहे, त्याच्या शिक्षणाचा भार दुसऱ्यानं उचलावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता दुसरं गृहीतक. तुझ्या पत्रात ‘ट्रान्सलेशनल’ हा शब्द पाच-सहा वेळा आलाय आणि सिकल सेल फक्त एकदा. मला ते उलटं हवं होतं. कोर्सच्या नावात ट्रान्सलेशनल असलं म्हणून तिथलं काम रुग्णापर्यंत पोचतंच असं नाही, आणि जिथून ते पोचतं त्या विभागांचं नाव पुष्कळदा नुसतं हिमॅटोलॉजी (रक्तविज्ञान) किंवा इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) असतं.

तुझ्याच आजाराचं उदाहरण घे. सिकल सेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. नवजात बाळांना या आजाराचा त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं, हे निरीक्षण त्याच सुमाराचं. ते हिमोग्लोबिन वाढवणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध या आजारासाठी अमेरिकेत मंजूर व्हायला १९९८ उजाडलं. जन्मानंतर ते हिमोग्लोबिन बंद कोण करतं, याचं उत्तर २००८ मध्ये मिळालं: बीसीएल११ए हे जनुक. त्या जनुकाचं रक्तपेशींतलं काम क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्रानं थांबवणारा उपचार २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं साधारण १८ कोटी रुपये.

बालरोगतज्ज्ञाचं निरीक्षण, रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग, जनुकशास्त्र, मग चाचण्या. पाऊणशे वर्षं आणि शेकडो माणसं. यातला प्रत्येक दुवा ट्रान्सलेशनल आहे. आणि एवढं होऊनही छोटा उदेपूरच्या त्या मुलीपर्यंत काय पोचलं? पोचलं तर हायड्रॉक्सियुरियाची गोळी, आणि तीही नियमित मिळाली तर. तुझ्या मनाला जे लागलंय ते नेमकं इथलं आहे. म्हणून तुला मनापासून विचारते: या साखळीतला कोणता दुवा तुला हातात घ्यायचाय? जनुकावर काम करायचंय, की गोळीची मात्रा आपल्या रुग्णांसाठी ठरवायचीय, की गावातल्या आरोग्य केंद्रात वापरता येईल अशी स्वस्त तपासणी बनवायचीय? यांतल्या प्रत्येकासाठी गाइड वेगळा, लॅब वेगळी, आणि देशही वेगळा निघू शकतो.

एक धागा तुझ्यासमोर ठेवते. आपल्याकडच्या सिकल सेलच्या रुग्णांत बहुतेकदा जनुकाचा अरब-भारतीय प्रकार सापडतो. त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं आणि आजार आफ्रिकी रुग्णांपेक्षा सौम्य असतो असं मानलं जातं. मग काही मुलांना तो एवढा तीव्र का होतो? परदेशातल्या रुग्णांवर ठरलेली मात्रा यांना तशीच लागू होते का? हे प्रश्न इथल्या रक्तात आहेत, आणि ते नमुने तू स्वतःच्या हातानं तपासले आहेस. अर्ज वाचणाऱ्या समितीला ‘मला मानवजातीची सेवा करायची आहे’ हे वाक्य रोज वाचायला मिळतं. असा प्रश्न क्वचित मिळतो.

‘मी डॉक्टर नाही’ ही तुझी खंत मी समजू शकते, कारण हॉस्पिटलात डॉक्टरांच्या गराड्यात बायोकेमिस्टला बुजल्यासारखं होतं. पण कातालिन कारिको यांच्याकडे बघ. बायोकेमिस्ट आहेत, डॉक्टर नाहीत. पीएचडी त्यांनी आपल्या देशात, हंगेरीतल्या सेगेडमध्ये केली आणि १९८५ मध्ये पुढच्या संशोधनासाठी अमेरिकेत गेल्या. ड्र्यू वाइसमन या डॉक्टर सहकाऱ्याबरोबर त्यांनी एमआरएनए या पेशीतल्या संदेशवाहक रेणूवर केलेलं काम २००५ मध्ये छापून आलं, त्यावर कोविडच्या लसी उभ्या राहिल्या आणि २०२३ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. यात तुझ्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, डॉक्टर होण्यापेक्षा आपल्या प्रश्नात रस असलेला डॉक्टर जोडीला असणं महत्त्वाचं. दुसरी, पीएचडी घरी आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, परदेशात हाही रस्ता आहे, आणि तो कमी प्रतीचा नाही. आता नाही गेलं तर दार बंद होईल या भीतीला मला तरी आधार दिसत नाही.

क्वालिटी कंट्रोलच्या नोकरीला तू ‘वाया गेलेली तीन वर्षं’ म्हटलंयस. ते वाचून वाईट वाटलं. २०१२ मध्ये ॲमजेन कंपनीतल्या संशोधनाचा अनुभव ‘नेचर’मध्ये छापून आला. कर्करोगावरच्या ५३ महत्त्वाच्या शोधनिबंधांचे प्रयोग त्यांनी पुन्हा करून पाहिले, त्यांतल्या फक्त ६ निबंधांचे निष्कर्ष टिकले. लॅबमधलं संशोधन रुग्णापर्यंत न पोचण्याचं हे फार मोठं कारण आहे. पद्धत प्रमाणित करणं, प्रत्येक बॅचची नोंद ठेवणं, मशीनचं कॅलिब्रेशन, निकाल चुकला तर मुळापर्यंत जाऊन चौकशी करणं, हे तू रोज करतेस. थेट एम.एससी. करून आलेल्या मुलांकडे हे नसतं. अर्जात ते एका ओळीत उरकू नकोस. एखादा प्रसंग सविस्तर लिही: कोणता निकाल जुळत नव्हता, तू काय शोधलंस, काय बदललं.

काकांच्या ‘इथंच कर’चा विचार तू रागात झटकून टाकलायस असं वाटतं. खरं ट्रान्सलेशनल काम परदेशातच होतं, हे आज म्हणता येत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाशी लढवण्याच्या उपचाराला, नेक्सकार१९ ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. परदेशी उपचाराच्या किमतीच्या तो एका लहानशा हिश्श्यात मिळतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाबरोबर हिमोफिलियावर, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारावर, जीन थेरपीची चाचणी केली, तिचे निकाल २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र, फरिदाबादची टीएचएसटीआय आणि दिल्लीची आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्था, आणि तुझ्या विषयासाठी खास म्हणजे रक्तविकारांवर काम करणारी मुंबईची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था, या जागा तू यादीत घेतल्याच पाहिजेस. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा पास होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता. पैसा तिकडच्यापेक्षा कमी आहे आणि फेलोशिप वेळेवर न येण्याचा त्रास पुष्कळ मुलांना झालाय, हे लपवत नाही. पण रुग्ण इथं आहेत. इथले नमुने पिशवीत घालून परदेशी लॅबमध्ये नेता येत नाहीत. त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि आंतरराष्ट्रीय सहकार्याला आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरीही लागते. सिकल सेलवर काम करायला तू जर्मनीला गेलीस, तर तिथले रुग्ण कोण असतील, किती असतील आणि ते कुठली भाषा बोलतील, हे आधी विचार. तिथल्या लॅबमध्ये इंग्रजी चालतं, पण वॉर्डमध्ये संमतीपत्र आणि केसपेपर जर्मनमध्ये असतात. इथं तू त्या मुलीशी गुजरातीत बोललीस, याची किंमत तिथं गेल्यावर कळते.

तरीही तू परदेशी अर्ज करावास असं मला वाटतं. काही दुव्यांसाठी लागणारी यंत्रं, तंत्रं आणि चाचण्या चालवण्याचा अनुभव तिकडे जास्त आहे, आणि आपल्या गावाबाहेर एकटीनं काम उभं करण्यानं माणसात जे येतं ते मोलाचं आहे. फक्त परदेश आणि भारत अशा दोन वेगळ्या याद्या करू नकोस. एकच यादी कर, आणि ती देशांची नको, गाइडांची कर.

गाइड निवडताना मुलं त्यांचे शोधनिबंध मोजतात. तू वेगळ्या गोष्टी बघ. त्याच्या अलीकडच्या निबंधांत सहलेखक म्हणून कुणी डॉक्टर सातत्यानं आहे का? रुग्णांचे नमुने त्याच्याकडे कुठून येतात, परवानगी कुणाच्या नावावर आहे? त्याचं एखादं काम चाचणीपर्यंत, पेटंटपर्यंत किंवा निदान हॉस्पिटलच्या नेहमीच्या तपासणीपर्यंत गेलंय का? मग त्याच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना गाठ, शक्य तर फोनवर, कारण लेखी कुणी खरं सांगत नाही. पीएचडी किती वर्षांत होते, मधेच सोडून कोण गेलं, गाइडची ग्रँट संपली किंवा तो दुसऱ्या विद्यापीठात गेला तर विद्यार्थ्याचं काय होतं, सुट्टीत घरी जाऊ देतो का, हे विचार. परदेशी विद्यार्थ्यासाठी ग्रँटचा प्रश्न सगळ्यात नाजूक, कारण आपला व्हिसा त्या जागेला बांधलेला असतो. लॅब सोडावी लागली तर स्थानिक मुलगा घरी बसून दुसरं शोधू शकतो, आपल्याला देश सोडावा लागू शकतो.

अमेरिकेबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, ट्रेनिंग ग्रँट फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याचा स्टायपेंड विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशातून किंवा गाइडच्या संशोधन ग्रँटमधून द्यावा लागतो, आणि काही विभाग परदेशी मुलं मुळातच कमी घेतात. अर्जाची फी भरण्याआधी विभागाला सरळ ईमेल करून विचार की गेल्या काही वर्षांत तुम्ही परदेशी विद्यार्थी किती घेतले. फी माफीही विचार, मागितली तर पुष्कळ ठिकाणी मिळते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच बायोमेडिकल विभागांनी काढून टाकली आहे, तेव्हा त्याच्या क्लासला घाईनं पैसे भरू नकोस. दुसरी गोष्ट, २०२५ मध्ये सरकारी निधीची ओढाताण झाल्यावर तिथल्या काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, आणि दिलेला प्रवेश मागे घेतल्याचेही प्रकार घडले. म्हणून सगळे अर्ज अमेरिकेलाच करू नयेत.

आईच्या काळजीबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुमचं घरातलं बोलणं आहे. लग्न आणि पीएचडी एकत्र चालवणारी मुलं-मुली सगळीकडे आहेत. पण एक कागदी गोष्ट दोघींनी मिळून बघा. ब्रिटनमध्ये २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सवाल्यांना जोडीदाराला बरोबर नेता येत नाही, पीएचडीवाल्यांना येतं. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. जर्मनीत करता येते. स्थळं बघताना समोरच्याला हे आधी सांगितलेलं बरं.

आता पुढचं वर्ष. अमेरिकेचे बहुतेक अर्ज डिसेंबरात बंद होतात, युरोपातल्या जागा वर्षभर निघत राहतात, नेट वर्षातून दोनदा असते. नोकरी लगेच सोडू नकोस, अर्जाची फी आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च त्यातूनच निघेल. एम.एससी.च्या गाइडना या आठवड्यात भेट. शिफारसपत्र लागणार आहेच, पण त्याआधी त्यांना विचार की तो जुना डेटा छापण्याजोगा आहे का. पोस्टर कपाटात पडून राहिलं तर वाया गेलं, लहानसा का होईना निबंध झाला तर तो अर्जात बोलेल. शनिवारी सुट्टी असेल तर सयाजी हॉस्पिटलच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या ज्या डॉक्टरांकडे सिकल सेलचे रुग्ण येतात, त्यांना विनंती करून ओपीडीत बसायची परवानगी माग. काही करायचं नाही, नुसतं बघायचं, ऐकायचं. गोळी बंद का होते? बसभाड्यामुळे, उलट्या होतात म्हणून, की रक्ततपासणीला पुन्हा यायला जमत नाही म्हणून? सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ पासून चालू आहे, ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. तपासणीत आजार सापडल्यावर त्या मुलाचं पुढे काय होतं, हे तुला ओपीडीतल्या बाकावर कुठल्याही परदेशी वर्गापेक्षा नीट कळेल. तुझा पीएचडीचा प्रश्न बहुधा तिथंच पक्का होईल.

त्याच्या जोडीला रोज रात्री अर्धा तास एका गाइडचे निबंध वाच. आवडलेल्या गाइडला ईमेल लिही, मोठा नको. पहिल्या दोन वाक्यांत त्याच्या कुठल्या निबंधातल्या कुठल्या आकृतीनं तुझ्या मनात काय प्रश्न आला ते. मग तू काय केलंयस: सिकल सेलचे नमुने आणि क्वालिटी कंट्रोल, दोन्ही. शेवटी एकच सरळ विचारणा, पुढच्या वर्षी तुमच्याकडे पगारी जागा आहे का आणि परदेशी विद्यार्थ्याला ती मिळू शकते का. ‘आदरणीय महोदय, आपल्या थोर कार्यानं मी भारावून गेले’ असल्या मजकुराला उत्तर येत नाही. तुझ्या प्रश्नाला येईल. सगळ्यांचं नाही येणार, पण येईल. दोन आठवडे वाट पाहून एकदा आठवण करायला हरकत नाही.

पहिल्या ईमेलचा मसुदा झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठव, मी वाचून सुधारणा सुचवीन.